धार थांबली, आता कुठलं पान उघडू?

रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या जेटीवर ओळखीचे एक मेकॅनिककाका मोबाइलवर इंजिनाच्या तांत्रिक माहितीच्या संकेतस्थळाशी झटत होते. होडीच्या मागे बाहेरून बसवलेलं आउटबोर्ड इंजिन चालू, पण मागून पडणारी पाण्याची बारीक धार बंद. इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतंय, याची खूण ही धार. ती थांबली की बहुधा पाणी ओढायच्या जाळीत प्लॅस्टिक अडकलेलं असतं, नाहीतर पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चक्र, झिजलेला असतो. काकांना हे पाठ होतं. हवा होता तो फक्त त्या मॉडेलचा पंप खोलायचा क्रम. 'कूलिंग' या प्रकरणात पाहिलं, तिथे थर्मोस्टॅट होता. पंप निघाला 'लोअर युनिट'मध्ये, कारण तो बसतो गिअरच्या पेटीवर.

लिहिणाऱ्यानं इंजिनाच्या जोडणीप्रमाणे प्रकरणं पाडली. शोधणारा येतो बिघाडाकडून. शेकडो पानांच्या तांत्रिक संकेतस्थळावर माणूस हरवतो तो बहुतेकदा इथेच.

त्यात शब्दांचा घोळ. संशोधक जॉर्ज फर्नास आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की एकाच वस्तूसाठी दोन माणसं आपणहून एकच शब्द निवडतील, याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. सुरमईला मालवणकडे इसवण म्हणणारे भेटतात, तेव्हा आपल्याला याचं नवल नको. एकच 'अचूक' नाव शोधण्यात अर्थ नाही. इंपेलर, पाणीपंप, 'धार येत नाही', यातलं काहीही टाइप केलं तरी तेच पान समोर यायला हवं.

पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेली कल्पना मला फार मोलाची वाटते. जनावर वासावरून भक्ष्य शोधतं, तसा माणूस दुव्याच्या शब्दांवरून पुढे काय असेल याचा अंदाज घेतो. वास येत राहिला तर तो पाच क्लिकही आनंदानं करतो. वास तुटला की दुसऱ्याच क्लिकला परत फिरतो. 'तीन क्लिकमध्ये पान मिळालंच पाहिजे' हा लाडका नियम म्हणूनच मला पटत नाही. 'इतर' किंवा 'सामान्य माहिती' अशा नावांना तर वासच नसतो.

शिवाय सगळे मुखपृष्ठावरून येत नाहीत. गुहागरला कोणी चिपळूणहून रस्त्यानं येतो, कोणी दाभोळहून फेरीबोटीनं धोपाव्याला उतरतो. उतरलेल्याला 'आधी चिपळूणला जा' असं कोणी सांगत नाही. गुगलवरून थेट मधल्या पानावर उतरलेल्या वाचकालाही तिथेच कळलं पाहिजे: हे कुठलं मॉडेल, कुठलं प्रकरण, याच्या आधी काय करायचं.

शोधणाऱ्याला वाट सापडते का, हे तपासायला संकेतस्थळाचं रंगरूप लागत नाही, प्रकरणांची नुसती शीर्षकं पुरतात. मी ती कागदावर लिहून जेटीवर नेली आणि विचारलं, "धार थांबली, आधी कुठे बघाल?" काकांनी 'कूलिंग'वर बोट ठेवलं, त्यांच्या मुलानं 'इंजिन गरम होणे'वर, शेजारच्या होडीच्या तांडेलानं 'देखभाल'वर. 'लोअर युनिट' कोणीच निवडलं नाही. पान हलवायची गरज नव्हती. या तिन्ही ठिकाणांहून त्याच्याकडे वाट काढायची होती.