हरित ग्राहकवादाच्या मर्यादा (कोल्हापूर परिसर)

पर्यावरणाला कमी घातक वस्तू निवडून घेतल्या की उत्पादक सुधारतील, या धारणेला हरित ग्राहकवाद म्हणतात. अशा वस्तू ओळखता याव्यात म्हणून भारत सरकारने १९९१ मध्ये इकोमार्क योजना आणली. उद्योगांनी तिला फारसा प्रतिसाद दिला नाही.

कोल्हापुरात याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे गूळ. गुऱ्हाळात काहिलीत (मोठ्या कढईत) उकळणाऱ्या रसाची मळी भेंडीच्या चिकाने काढता येते, पण पिवळाधमक रंग यावा म्हणून बरेच जण हायड्रॉस (सोडियम हायड्रोसल्फाइट) ही रंग उजळणारी पूड टाकतात. त्यातला गंधक गुळात उतरतो. तो सल्फर डायऑक्साइड म्हणून मोजतात आणि त्याची मर्यादा किलोला ७० मिलिग्रॅम आहे. हे टाळायला ग्राहक काळसर रवा (गुळाची ढेप) मागतो. रंगाचा हा पुरावा कच्चा आहे, कारण उसाची जात, जमिनीतला क्षार आणि चुलवणाची आच यांनीही गूळ काळा होतो. शिवाय 'केमिकलविरहित' याचा अर्थ काहिलीत काही घातले नाही एवढाच. उसाच्या फडात युरिया पडला की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी एनपीओपी किंवा पीजीएस हे सेंद्रिय शेतीचे प्रमाणपत्र पाहावे लागते. प्रमाणपत्र खरे असले तरी किलोभर गुळाला साधारण दहा किलो ऊस लागतोच, आणि पाटाने भिजवलेला सेंद्रिय ऊसही भरपूर पाणी पितो.

कोल्हापूरच्या पंचगंगा नदीच्या प्रदूषणाला तर दुकानातून हातच लागत नाही. जयंती नाल्यातून येणाऱ्या शहराच्या मैल्यावर कुठलेच लेबल नसते. उपसा पंप बंद पडले किंवा पावसाळ्यात नाला फुगला की ते पाणी प्रक्रियेविना नदीत जाते. खाली इचलकरंजीतल्या प्रोसेस हाउसचे (कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांचे) रंगीत पाणी मिळते. प्लॅस्टिकऐवजी घेतलेल्या रंगीत कापडी पिशवीमागेही अशीच धुलाई आणि रंगाई असते, म्हणून नवी घेण्यापेक्षा घरातल्या जुन्या कापडाची शिवावी. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली. घरचा फिल्टर अशा वेळी एका कुटुंबाला वाचवतो. गळकी जलवाहिनी तशीच राहते, आणि फिल्टर न परवडणारा तेच पाणी पितो. बाजाराच्या उपायातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

कार्बन क्रेडिटची, म्हणजे कमी केलेल्या कार्बन उत्सर्जनाबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्राचीही हीच अडचण आहे. बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) वीज करणाऱ्या साखर कारखान्याला क्रेडिट मिळू शकते, पण त्या हिशेबात नदीत सुटणारे मळीमिश्रित सांडपाणी धरले जात नाही. ते १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळ देते त्या संमतीपत्राच्या अटींत येते. तिथे सांडपाण्याचा नमुना सुटीच्या दिवशी आणि रात्रीही घ्यावा लागतो, कारण सोडणारे तीच वेळ साधतात.