आजारपणाचा भत्ता आणि निराधारचं अनुदान

कमावतं माणूस आजारी पडून घरात बसलं की सरकारी पैसा दोन वाटांनी येऊ शकतो, एक पगारातनं कापलेल्या वर्गणीच्या हक्कानं आणि दुसरा घरात उत्पन्न नाही म्हणून. सांगली, मिरज, कुपवाडकडं लोक दोन्हीला सरळ 'पगार चालू झाला' म्हणतात आणि घोळ तिथंच होतो.

पहिली वाट ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, 1948 च्या कायद्यातनं आलेली. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे 0.75 टक्के कापतात, मालक 3.25 टक्के भरतो. आजारपणात सरासरी रोजाच्या 70 टक्के मिळतात, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस, आणि त्यासाठी वर्गणीच्या 6 महिन्यांत निदान 78 दिवस भरलेले लागतात. टीबी, कॅन्सर धरून 34 मोठ्या आजारांना हाच भत्ता 80 टक्के आणि 2 वर्षांपर्यंत मिळू शकतो, पण नोकरी सलग 2 वर्षांची पाहिजे. भरपगारी रजा टाकली तर त्या दिवसांचा भत्ता नाही. बाळंतपणाचा आणि आजारपणाचा भत्ता एकदम मिळत नाही, कुठला घ्यायचा ते बाईनं ठरवायचं. आपल्या ऊसपट्ट्यात तर अजून एक गोष्ट, साखर आणि गुळाचे कारखाने हंगामी धरले जातात आणि हंगामी कारखान्याला ईएसआय लागूच नाही.

दुसरी वाट संजय गांधी निराधार योजना, 1980 पासूनची. टीबी, कॅन्सर, कुष्ठरोग असले आजार, अपंगत्व, विधवा बायका, असे 65 वर्षांच्या आतले लोक यात येतात, महिना 1,500 रुपये 2023 पासून झाले, दिव्यांगांना 2025 पासून 2,500. अट कुटुंबाच्या उत्पन्नाची, 21,000 च्या आत, दिव्यांगांना 50,000. आकडा तोच 21,000, पण ईएसआयला महिन्याचा आणि निराधारला अख्ख्या वर्षाचा, आणि हे कुणीतरी समोर बसवून सांगितल्याशिवाय लक्षातच येत नाही.

कुपवाडच्या फौंड्रीत रोज 400 रुपयानं जाणारा गडी धरा. त्याच्या 70 टक्के म्हणजे 280, गुणिले 91 दिवस, झाले 25,480. म्हणजे तीन महिन्यांचा नुसता आजारपणाचा भत्ताच निराधारच्या वर्षाच्या मर्यादेच्या वर जातो! त्यामुळं कागदावर दोन्हीला बंदी नसली तरी एकाच वेळी दोन्ही हातात पडणं अवघडच. त्यात तहसीलचा उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा निघतो, म्हणजे चैत्रात आजारी पडलेला माणूस दिवाळीत भत्ता संपवून सेतू केंद्रात दाखला काढायला गेला तरी कागदावर तो अजून पगारदारच असतो. भत्ता संपला आणि अनुदान सुरू झालं नाही, या मधल्या महिन्यांत घरातली बाई दागिना मोडते, हे मी आमच्याच गल्लीत बघितलंय आणि माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतलं सगळ्यात मोठं भगदाड हेच आहे.

लाडकी बहीण योजनेचंही इथं येतं, निराधारचे 1,500 घेणाऱ्या बाईला लाडकी बहीणचे 1,500 वेगळे मिळत नाहीत.

टीबीच्या पेशंटला मात्र निक्षय पोषण या सरकारी योजनेचे महिना 1,000 रुपये (नोव्हेंबर 2024 च्या आधी 500 होते) उपचार चालू असेपर्यंत खात्यावर येतात. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि वर्गणीचीही नाही, म्हणून ईएसआयवाल्यानंही टीबीच्या उपचाराला नाव नोंदवताना बँकेचं पासबुक पहिल्याच दिवशी सोबत न्यावं.