आरसा एक्स-अक्षावर, मग चिन्ह कोणाचं बदलायचं?

‘(३, २) या बिंदूचं एक्स-अक्षात परावर्तन करा’ म्हणजे आडव्या एक्स-अक्षाला आरसा मानून बिंदूचं प्रतिबिंब शोधा, असं फळ्यावर लिहिलं की काही वह्यांत हमखास (−३, २) दिसतं. मुलांचा हिशेब सरळ असतो: एक्स-अक्ष म्हटलंय ना, मग एक्सचं चिन्ह बदला! बरोबर उत्तर मात्र (३, −२).

यावर ‘एक्स-अक्ष असेल तर वायचं चिन्ह बदला’ हे घोकून घेणं सोपं. पण तो नियम परीक्षेपुरता टिकतो, कधी तेवढाही नाही. त्यापेक्षा विचारावं, बिंदू आरशापासून किती लांब आहे? (३, २) मधला २ म्हणजे एक्स-अक्षापासूनचं अंतरच. बिंदू आरशाच्या वर २ घरं, तर प्रतिबिंब खाली २ घरं. डावी-उजवीकडे सरकायचं कारणच नाही, म्हणून ३ जागच्या जागी. आलेख कागद अक्षावर दुमडून बिंदूवर टाचणी टोचावी. उलगडल्यावर दुसरं भोक (३, −२) वरच सापडतं.

नियम कळलाय की नुसता पाठ आहे, ते आरसा अक्षावरून हलवला की उघड होतं. एक्स = १ या उभ्या रेषेत (४, २) चं प्रतिबिंब कुठे? घोकणारा (−४, २) म्हणतो. अंतर मोजणारा १ पासून ३ घरं डावीकडे जातो आणि (−२, २) वर थांबतो.

याच युक्तीने एक छान कोडंही सुटतं. (१, २) पासून निघायचं, एक्स-अक्षाला शिवायचं आणि (७, ४) ला पोचायचं, तेही कमीत कमी अंतरात. कुठे शिवाल? बहुतेकांचं बोट मधोमध, (४, ०) वर जातं. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या ग्रीक गणितज्ञाने आरशावरून परतणाऱ्या प्रकाशाचा विचार असाच केला होता: शेवटचा बिंदू आरशापलीकडे न्यायचा. (७, ४) चं प्रतिबिंब (७, −४). तिथपर्यंत सरळ रेघ ओढली की ती अक्षाला (३, ०) मध्ये छेदते. अक्षावरच्या कुठल्याही बिंदूपासून (७, ४) आणि (७, −४) सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे सरळ रेघेचा रस्ता तोच सर्वांत जवळचा. मोजून पाहा: (४, ०) वरून गेलात तर सुमारे ८.६१ घरं, (३, ०) वरून ८.४९.