आगबोटींचं म्हातारपण

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या धक्क्यावरून एक रंग उडालेलं जहाज टगबोटींनी ओढून बाहेर काढलं. 'एसएस युनायटेड स्टेट्स' हे त्याचं नाव, लांबी ९९० फूट. १९५२ साली पहिल्याच फेरीत या जहाजाने अटलांटिक महासागर ३ दिवस १० तास ४० मिनिटांत ओलांडला आणि वेगाचा विक्रम केला. १९६९ मध्ये ते सेवेतून काढलं गेलं आणि १९९६ पासून फिलाडेल्फियातच पडून होतं. धक्क्याच्या भाड्यावरून कोर्टात वाद झाला, जागा सोडावी लागली, आणि फ्लोरिडातल्या ओकालूसा परगण्याने ते विकत घेतलं. अलाबामातल्या मोबाईल बंदरात त्यातले घातक पदार्थ काढायचे आणि मग फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत ते मुद्दाम बुडवायचं, अशी योजना ठरली. समुद्रतळावर माशांना आसरा मिळेल आणि समुद्रात बुडी मारणाऱ्या माणसांना पाहायला काहीतरी होईल, हा त्यामागचा विचार.

ही बातमी वाचून जगभरातल्या जहाजप्रेमींना वाईट वाटलं. वऱ्हाडात, समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर, कपाशी-तुरीच्या मुलखात बसून मलाही वाटलं. आपला आणि या जहाजांचा काय संबंध, असं कोणी विचारेल. संबंध आहे, आणि तो दीडशे वर्षांचा आहे.

आधी एक फरक सांगायला हवा. आज जाहिरातीत दिसणारी क्रूझ आणि जुनी लायनर बोट या दोन वेगळ्या जाती आहेत. क्रूझ फिरायला निघते, वादळ दिसलं की वाट बदलते, प्रवाशाला घाई नसते. लायनर ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या दिवशी सुटायची, कारण तिच्या पोटात सरकारी टपाल असायचं आणि ते वेळेत पोचवण्याचा करार असायचा. हिवाळ्यातला खवळलेला समुद्र असला तरी वेग राखायचा. त्यामुळे तिचं नाक निमुळतं, तळ खोल आणि पत्रे जाड. जुन्या लायनरच्या फोटोकडे पाहताना जी ऐट जाणवते ती सजावटीची नाही. कामाच्या गरजेतून आलेली ती बांधणी आहे, आणि मला तरी तिचं खरं सौंदर्य तिथेच दिसतं.

१८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपच्या जवळ आली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८६७ मध्ये, मुंबईहून निघालेली रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली होती. १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. तिच्या उद्घाटनाला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. १९०३ मध्ये मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची लाइन पडली, तीच आपली शकुंतला. हे सगळे रूळ कापसासाठी होते. वऱ्हाडातली रुईची गाठ जिनिंग-प्रेसिंगमधून आगगाडीत, तिथून मुंबईच्या गोदीत आणि पुढे लिव्हरपूलला. गाठी मालवाहू जहाजांतून जात, दिमाखदार प्रवासी बोटींतून नव्हे. पण ज्या रुळांवरून कापूस मुंबईला गेला, त्याच रुळांवरून वऱ्हाडातली शिकायला निघालेली मुलंही गेली आणि बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून 'विलायतेच्या बोटी'त चढली.

अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे पंजाबराव देशमुख १९२० मध्ये असेच निघाले. एडिनबरो, ऑक्सफर्ड, बॅरिस्टरी, वैदिक वाङ्मयावरची डॉक्टरेट हे सगळं करून परत आले, शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. कोरडवाहू गावातून निघालेल्या तरुणाला तेव्हा परदेशी जायला दुसरा रस्ताच नव्हता. मुंबई ते लंडन म्हणजे साधारण दोन आठवडे. गांधीजी गोलमेज परिषदेसाठी २९ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले, मार्सेलिसला उतरले आणि १२ सप्टेंबरला लंडनमध्ये होते. ते डेकवर झोपायचे, प्रार्थनाही तिथेच व्हायची. पुढे ते आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला येऊन राहिले, म्हणून ही बोट मला उगाच ओळखीची वाटते.

त्या बोटींचं पुढे काय झालं, हे आपल्याकडे फारसं कोणी विचारत नाही. राजपुताना दुसऱ्या महायुद्धात तोफा बसवून लढाईला पाठवली गेली आणि १९४१ मध्ये जर्मन पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. जिच्या खिडकीतून सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या बंदरात उडी घेतली, ती 'मोरिया' १९३० मध्ये जपानला भंगारात गेली. पंचम जॉर्जला दिल्ली दरबारासाठी घेऊन आलेली 'मदिना' सहा वर्षांत, १९१७ मध्ये, इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडवली गेली. राजा जिथे उतरला तिथे आठवण म्हणून बांधलेलं गेटवे ऑफ इंडिया मात्र आजही गर्दीने भरलेलं असतं. म्हणजे प्रवाशांची नावं रस्त्यांना, कॉलेजांना, विद्यापीठांना लागली आणि त्यांना वाहून नेणाऱ्या बोटी युद्धात किंवा भंगारात संपल्या. म्हातारं होण्याची संधीसुद्धा थोड्याच बोटींना मिळाली.

अशा म्हाताऱ्या बोटींपैकी एकीची कथा मला सगळ्यात जवळची वाटते. १८९१ मध्ये 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाची पांढरी, देखणी बोट कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी सेवेत आली. व्हँकुव्हर ते जपान-हाँगकाँग ही तिची लाइन. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिचा उमेदीचा काळ सरला होता. ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती घेतली, जखमी भारतीय सैनिकांसाठी इस्पितळ-जहाज केली आणि नाव ठेवलं 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी तिच्यात वेगळीच शक्यता पाहिली. हिंदी माणसाच्या मालकीची जहाज कंपनी आणि तीही थेट विलायतेच्या मार्गावर, ही कल्पनाच तेव्हाच्या ब्रिटिश कंपन्यांना झोंबणारी होती. मार्च १९१९ मध्ये वालचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली.

व्यवहार म्हणून तो फायद्याचा ठरला नाही. बोट जुनी होती, स्पर्धा निर्दय होती. १९२३ मध्ये मुंबईतच ती मोडली गेली. पण ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. दुसऱ्याच्या देशात बांधलेली, दुसऱ्याच्या मार्गावर झिजलेली एक जुनी बोट इथे एका नव्या उद्योगाची सुरुवात ठरली. जुन्या जहाजांविषयीच्या इंग्रजी लिखाणात तिची ओळख 'एम्प्रेस ऑफ इंडिया' म्हणूनच येते, शेवटची चार वर्षं एका ओळीत संपतात. मला ती चारच वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची वाटतात.

लायनरचा खरा अंत विमानाने केला. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची नियमित सेवा सुरू झाली आणि १९६० मध्ये एअर इंडियाकडेही बोइंग ७०७ आलं. दोन आठवड्यांचा प्रवास एका दिवसावर आला. मुंबईच्या मार्गावर आणखी एक घाव बसला: १९६७ च्या युद्धात सुवेझ बंद झाला तो १९७५ पर्यंत उघडलाच नाही. १९७३ मध्ये तेल महागलं. या बोटी तेल अक्षरशः पीत, त्यामुळे ज्या काही उरल्या होत्या त्याही तोट्यात गेल्या.

पुढची वीस-तीस वर्षं म्हणजे उद्ध्वस्त होण्याची यादीच. 'क्वीन एलिझाबेथ' तरतं विद्यापीठ होणार होती. जानेवारी १९७२ मध्ये हाँगकाँगच्या बंदरात जळून आडवी झाली. इटलीच्या 'मायकेलअँजेलो' आणि 'राफाएलो' या बहिणी इराणला विकल्या गेल्या. एक युद्धात बुडाली, दुसरी पाकिस्तानात मोडली गेली.

आणि एक आली भारतात. 'फ्रान्स' हे जहाज १९६० मध्ये सँ-नाझेर इथे पाण्यात उतरलं तेव्हा त्या देशाला त्याचा केवढा अभिमान होता! १९७४ मध्ये सरकारने अनुदान थांबवलं, तेव्हा कर्मचाऱ्यांनी ल आव्र बंदराच्या तोंडावर जहाजच अडवून धरलं. त्याचा उपयोग झाला नाही. नंतर एका नॉर्वेजियन मालकाने ते घेतलं, 'नॉर्वे' नाव दिलं आणि कॅरिबियन समुद्रात क्रूझ म्हणून वीसेक वर्षं चालवलं. मे २००३ मध्ये मायामीत बॉयलर फुटला, आठ कर्मचारी गेले. २००६ च्या पावसाळ्यात 'ब्लू लेडी' या नावाने ते गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर आलं.

अलंगला १९८३ पासून जहाजं मोडतात. खंभातच्या आखातात भरती प्रचंड चढते. त्या भरतीत जहाज थेट वाळूवर घुसवायचं आणि पाणी ओसरलं की माणसांनी गॅसकटर घेऊन चढायचं, अशी तिथली रीत. कामगार ओडिशा, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशच्या खेड्यांतले. ब्लू लेडीच्या भिंतींमध्ये हजार टनांहून जास्त असबेस्टॉस असल्याचा अंदाज होता, ज्याची धूळ फुप्फुसात गेली की वर्षांनी जीव घेते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पर्यावरण कार्यकर्त्यांबरोबर किनाऱ्यालगतच्या एका गावच्या सरपंचानेही आसपासच्या गावांच्या वतीने दाद मागितली होती. युरोपातले चाहते भित्तिचित्रं आणि झुंबरांसाठी हळहळत असताना खेड्यातला एक माणूस आपल्या लोकांच्या श्वासासाठी कोर्टात उभा होता. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने मोडायला परवानगी दिली. जहाजाच्या नाकाचा तुकडा तेवढा फ्रान्सला परत गेला, २००९ मध्ये पॅरिसमध्ये लिलावात विकला गेला आणि २०१८ मध्ये ल आव्रला पोचला.

जहाजावरचं प्रेम मी कमी लेखत नाही, पण अलंगचा कामगार वगळून सांगितलेली कुठल्याही जुन्या जहाजाची कहाणी मला अर्धी वाटते.

इतकं प्रेम असूनही ही जहाजं वाचत का नाहीत? कारण प्रेम करणारे विखुरलेले असतात आणि खर्च एका जागी साचतो. खारं पाणी रोज लोखंड खातं. रंग, पंप, वीज, विमा, धक्क्याचं भाडं थांबत नाही. शेतकऱ्याला म्हातारा बैल विकवत नाही, पण त्याला वैरण रोजची लागते, तसंच हे. आपल्याकडे 'आयएनएस विक्रांत'चं हेच झालं. ती प्रवासी बोट नव्हे, विमानवाहू युद्धनौका. २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, लोक मुलांना घेऊन पाहायला जायचे. निधीचा प्रश्न सुटला नाही आणि २०१४ मध्ये मुंबईतल्याच दारूखाना भागात, जिथे जहाजं मोडतात, ती मोडली गेली. तिचं लोखंड वापरलेली बजाजची मोटरसायकल नंतर बाजारात आली.

शकुंतलेचंही दुखणं याच जातीचं. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत राहिलं. दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव या पट्ट्यात तिच्यावर जीव टाकणारी माणसं आजही आहेत. गाडी बंद पडल्यावर ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अचलपूर–मूर्तिजापूर भागात आंदोलनं झाली. त्यात वारशाची भाषा कमी आणि स्वस्त तिकिटाची, बाजाराच्या दिवसाची भाषा जास्त होती, आणि ती बरोबरच होती. गाडी असो की बोट, ठरलेल्या वेळी सुटून माणसाला पोचवणं हे तिचं आयुष्य. ते काम काढून घेतलं की तिला दुसरं काम द्यावं लागतं, नाहीतर ती जात नाही आणि राहतही नाही.

ज्या मोजक्या लायनर वाचल्या त्यांना असं दुसरं काम मिळालं, आणि पाठीशी एखादं शहर किंवा कंपनी उभी राहिली. १९३० ची जपानी 'हिकावा मारू' योकोहामात संग्रहालय आहे. १९५९ ची 'रॉटरडॅम' तिच्याच नावाच्या शहरात २०१० पासून हॉटेल आहे. १९३६ ची 'क्वीन मेरी', जिने जुलै १९४३ मध्ये एका फेरीत १६,६८३ माणसं नेली, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहराने १९६७ मध्ये घेतली. तिलाही दुरुस्तीसाठी वारंवार पैसा शोधावा लागतो. कोविडपासून ती दीर्घकाळ बंद होती आणि २०२३ मध्ये पुन्हा उघडली.

आपल्याला त्यातल्या त्यात जवळची म्हणजे 'क्वीन एलिझाबेथ २'. १९६९ मध्ये सेवेत आलेली, १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात सैनिक वाहिलेली ही बोट २००८ मध्ये दुबईला गेली. दहा वर्षं तिथे ती नुसती उभी होती आणि अनेक योजना बारगळल्या. २०१८ पासून ती पोर्ट रशीदमध्ये हॉटेल म्हणून सुरू आहे. विदर्भातली कितीतरी मुलं आज कामासाठी आखातात आहेत. त्यांच्यापैकी कोणी दुबईत असेल तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्याने तिच्या डेकवर जाऊन यावं. पंजाबरावांची पिढी ज्या तऱ्हेच्या बोटीने गेली, त्या परंपरेतली शेवटच्या काही बोटींपैकी एक तिथे पाय ठेवता येईल अशी उभी आहे.