बीडमधील गर्भाशय शस्त्रक्रियांची पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ महिलांची गर्भाशये काढली गेल्याची माहिती राज्य सरकारने जून २०१९ मध्ये विधिमंडळात दिली. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामात ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. खासगी रुग्णालयांच्या नफेखोरीवर तेव्हा खूप चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र तिशीही न ओलांडलेली बाई ‘पिशवी काढून टाका’ म्हणते, तेव्हा तिच्या दुखण्याचे मूळ दवाखान्याच्या फार आधी, उसाच्या फडात आणि त्याहीआधी मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत शोधावे लागते.

१९५० नंतर पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने वाढत गेले. बीड भागातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील कोरडवाहू शेतकरी आणि भूमिहीन कुटुंबे तोडणीला जाऊ लागली आणि १९७२ च्या दुष्काळाने हा ओघ वाढवला. मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, ती फेडण्यासाठी दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड हलते आणि पुढचे पाच-सहा महिने फडावर जातात. या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. बाईच्या कष्टाचा वेगळा हिशेब कुठेच नसतो. एकाने दिवस मोडला तरी खाडा लागतो, म्हणजे मजुरी बुडून वर दंड.

पाळीच्या दिवसांत हा खाडा परवडणारा नसतो. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, दिवसभर ऊस साळायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचे. राहायला पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी असते. तिथे न्हाणीघर नाही, शौचालय नाही, कापड धुवायला पुरेसे पाणी नाही. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, कंबर धरणे ही दुखणी हंगामभर अंगावर काढली जातात.

लग्नाचे वयही याच व्यवहाराशी बांधलेले आहे. एकट्या मुलाला उचल मिळणे अवघड, म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईने लग्ने उरकली जातात. त्यांना ‘गेटकेन’ लग्ने म्हणतात. मुलीला मागे कोणाजवळ ठेवायचे, हा आईबापांचा घोरही त्यामागे असतो. मग विशीच्या आगेमागे दोन-तीन बाळंतपणे, लगेच नसबंदी, आणि त्यानंतर ‘आता पिशवीचे काम काय?’ हा प्रश्न सासरी, दवाखान्यात आणि शेवटी तिच्या स्वतःच्या मनातही उभा राहतो. साध्या औषधाने बरा होऊ शकणारा जंतुसंसर्ग असतानाही कर्करोगाची भीती घातल्याचे अनेकींनी सांगितले आहे. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी पुन्हा उचल घेतली जाते, म्हणजे पुढच्या हंगामाचा कोयता पक्का होतो. अंडाशयेही काढली गेली, तर रजोनिवृत्ती अकाली येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात; तरी मोळी उचलणे सुटत नाही.

प्रकरण गाजल्यावर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी बंधनकारक झाली आणि ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले. परवानगीची अट अनावश्यक शस्त्रक्रिया रोखू शकते, पण ती लागू होते बाई दवाखान्यात पोहोचल्यावर. फडावरच्या पाण्याला, शौचालयाला आणि पाळीच्या दिवशी लागणाऱ्या खाड्याला या अटीचा हात पोहोचत नाही.