काठी रोवली की वेल चढतोच, हा गैरसमज

कुंडीत जाड काठी रोवली की टोमॅटोसह कोणताही वेल तिच्यावर आपोआप चढतो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. टोमॅटोला तणावे, म्हणजे आधाराला वेढा घालणारे धाग्यासारखे भाग, नसतात आणि त्याचे खोड आधाराभोवती गुंडाळतही नाही, त्यामुळे न बांधलेले झाड जमिनीवर लोळते आणि मातीला टेकलेल्या खोडाला मुळे फुटतात. म्हणून दर २० ते २५ सेंटिमीटर वाढीनंतर त्याला मऊ सुती पट्टीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास द्यावा, कारण खोड पुढे जाड होते आणि घट्ट गाठ त्यात रुतते. काठी मात्र रोप लावतानाच रोवावी. नंतर खुपसल्यास मुळे तुटतात, आणि ही हानी सहज टाळता येण्यासारखी आहे.

वाटाण्याचे नाजूक तणावे जाड बांबूला वेढा घालू शकत नाहीत, त्यांना सुतळी किंवा जाळीच हवी. काकडीलाही जाळी मानवते. वेलवर्गीय घेवड्याचे मात्र खोडच आधाराला पीळ घालत वर जाते, त्यामुळे काठी किंवा बांबू रोवण्याचा सल्ला त्याच्यापुरता योग्य ठरतो.