ईमेल-यादी (विद्यापीठ विभागातील)

एका ठरावीक पत्त्यावर आलेले ईमेल नोंदलेल्या सर्व सदस्यांकडे आपोआप पाठवणारी व्यवस्था. बोलण्यात ‘मेलिंग लिस्ट’ हाच शब्द रूढ आहे. ‘टपालयादी’ असा पर्यायही क्वचित आढळतो. अनेकांचे पत्ते एकेक करून टाकून पाठवलेले पत्र, किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या खात्यात साठवलेला पत्त्यांचा गट, यांना काटेकोर अर्थाने यादी म्हणता येत नाही. यादीला स्वतःचा पत्ता, सदस्यत्वाचे नियम आणि व्यवस्थापक असतो, आणि सदस्य बदलले तरी पत्ता बदलत नाही. विभागाच्या दृष्टीने हा शेवटचा विशेष निर्णायक आहे. विभागप्रमुख बदलतात, लिपिकाची बदली होते, पण पत्ता विभागाकडेच राहिला पाहिजे.

उगम : पहिली यादी कोणती, याविषयी एकमत नाही. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेट या जाळ्यावरून एका संगणकातून दुसऱ्या संगणकात संदेश पाठवला, तेव्हा पत्त्यात व्यक्ती आणि संगणक वेगळे दाखवण्यासाठी ‘@’ हे चिन्ह योजले. त्यानंतर लवकरच एक संदेश अनेकांना पाठवण्याची सोय झाली असल्याने काही लेखक यादीचा आरंभ तेथपर्यंत मागे नेतात. दुसऱ्या मतानुसार १९७५ च्या जूनमध्ये स्टीव्ह वॉकर यांनी सुरू केलेला ‘मेसेज ग्रुप’ हीच पहिली उल्लेखनीय यादी होय. मात्र त्या यादीचे काम पाहणारे आयनर स्टेफरुड आलेली पत्रे आरंभी हातानेच सर्वांकडे पुन्हा पाठवत असत, म्हणजे आज यादीचे लक्षण मानली जाणारी स्वयंचलितता तिच्यात नव्हती. तरीही कायम सदस्यवर्ग, एक विषय आणि एक जबाबदार व्यक्ती ही तिन्ही अंगे तेथे स्पष्ट दिसत असल्याने दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

‘लिस्टसर्व्ह’ या नावाबाबतही असाच घोळ आहे. अमेरिकेतील विद्यापीठांना जोडणाऱ्या बिटनेट जाळ्यावर (स्थापना १९८१) या नावाची एक सेवा १९८४ पासून होती, पण तिच्यात सदस्यनोंदणीचे काम माणसालाच करावे लागे. सदस्याने आज्ञा पाठवून स्वतःच नाव नोंदवावे किंवा कमी करावे, ही सोय एरिक टॉमस यांनी १९८६ मध्ये पॅरिसमध्ये लिहिलेल्या त्याच नावाच्या प्रणालीने रूढ केली. जुन्या संदर्भांतील १९८४ आणि १९८६ ही दोन्ही साले बहुधा या दोन वेगळ्या प्रणालींची आहेत. पुढे ‘मेजरडोमो’ (१९९२), फ्रान्सच्या विद्यापीठांसाठी झालेली ‘सिंपा’ (१९९७) आणि ‘मेलमन’ (पहिली पूर्ण आवृत्ती १९९९) या मुक्त प्रणाली आल्या. विद्यापीठांत त्यांपैकी मेलमनचा प्रसार विशेष झाला.

भारतात १९८६ मध्ये आरंभ झालेल्या अर्नेट या शिक्षण व संशोधन संस्थांच्या संगणक-जाळ्याच्या प्रकल्पात पहिल्या टप्प्यात आठ संस्था होत्या. महाराष्ट्रातील त्यांपैकी दोन्ही, म्हणजे आयआयटी व एनसीएसटी (राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र), मुंबईतल्या होत्या. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले, तेही आधी महानगरांत. मराठवाड्यात तेव्हा १९५८ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ (१९९४ पर्यंत मराठवाडा विद्यापीठ), परभणीचे कृषी विद्यापीठ (१९७२) आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (१९९४) ही विद्यापीठे होती. येथील विभागाचा पसारा एका आवारात मावत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचे उपपरिसर धाराशिवला आहे आणि अभ्यास मंडळाचे सदस्य व संशोधन मार्गदर्शक जालना, बीडपर्यंतच्या संलग्न महाविद्यालयांत विखुरलेले असतात. सूचनाफलक ज्यांच्यापर्यंत पोचत नाही, असा वर्ग त्यामुळे मोठा असतो.

रचना : विभागात एकच यादी ठेवणे सहसा गैरसोयीचे ठरते. शिक्षक, संशोधक विद्यार्थी, पदव्युत्तर विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि अभ्यास मंडळ अशा वेगळ्या याद्या करतात. विद्यार्थ्यांच्या यादीला ‘प्रथम वर्ष’, ‘द्वितीय वर्ष’ अशी नावे देण्याचा मोह टाळावा. दर जूनला सर्व सदस्य एका यादीतून काढून दुसरीत घालावे लागतात आणि जुना संग्रह भलत्याच वर्गाच्या नावावर राहतो. प्रवेशाच्या सालावरून नाव दिले की सदस्य हलवावे लागत नाहीत, आणि अभ्यासक्रम संपल्यावर तीच यादी माजी विद्यार्थ्यांची होते. तासिका तत्त्वावरील अध्यापकांची नावे मात्र दर सत्रात तपासावी लागतात. हे काम वेळापत्रकाबरोबरच उरकणे बरे.

पत्रे पाठवण्याच्या अधिकारावरून यादीचे दोन प्रकार होतात. सूचना-यादीत ठरावीक व्यक्तीच लिहितात, चर्चा-यादीत कोणीही सदस्य लिहू शकतो. नवा सदस्य नोंदताना त्याच्या पत्त्यावर पुष्टीचे पत्र पाठवून उत्तर आल्यावरच नाव पक्के करावे, कारण प्रवेश अर्जावर हाताने लिहिलेल्या पत्त्यांत चुका पुष्कळ असतात. व्यवस्थापक किमान दोन असावेत आणि त्यांचा परवलीचा शब्द एकट्याच्या वहीत राहू नये.

यादी ज्या सर्व्हरवर चालते तो विभागाच्या खोलीत ठेवावा की विद्यापीठाच्या संगणक केंद्रात, या प्रश्नात भारनियमनाचा विचार येतोच. सर्व्हर काही तास बंद पडला म्हणून पत्र हरवत नाही. पाठवणारी बाजू पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि प्रचलित मानकानुसार हे प्रयत्न निदान चार-पाच दिवस चालू ठेवणे अपेक्षित आहे. लांब सुटीत बंद पडलेला आणि कोणीच न पाहिलेला सर्व्हर मात्र ही मुदत सहज ओलांडतो.

परत येणारी पत्रे व स्वाक्षरीचा प्रश्न : ईमेलला टपालाप्रमाणेच आतला कागद आणि बाहेरचा लिफाफा असे दोन भाग असतात. कागदावर मूळ लेखकाचे नाव असते, तर लिफाफ्यावर परतीचा पत्ता यादीचा असतो. त्यामुळे न पोचलेले पत्र लेखकाकडे न जाता यादीकडे येते, आणि ठरावीक वेळा पत्र परत आले की प्रणाली त्या सदस्याची वाटणी थांबवते. या व्यवस्थेला २०१४ मध्ये मोठा धक्का बसला. बनावट पत्रे रोखण्यासाठी ‘डीमार्क’ ही पद्धत पुढे आली होती. तिच्यानुसार क्षेत्रनामाचा, म्हणजे पत्त्यातील ‘@’ नंतरच्या भागाचा, धारक आपल्या नावाने आलेली, पण पडताळणीत न उतरणारी पत्रे नाकारावीत असे जाहीर करू शकतो. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये याहूने असा कडक नियम लागू केला आणि पाठोपाठ एओएल या दुसऱ्या ईमेल सेवेनेही. यादी विषयात विभागाचे नाव जोडते किंवा शेवटी तळटीप घालते, तेव्हा मूळ पत्रावरची डिजिटल स्वाक्षरी जुळत नाही. शिवाय पत्र यादीच्या सर्व्हरवरून निघालेले असते, म्हणून पाठवणारा सर्व्हर लेखकाच्या सेवेचाच आहे का, ही दुसरी पडताळणीही लेखकाच्या बाजूने उतरत नाही. परिणामी याहूचा पत्ता असलेल्या एकाच सदस्याने लिहिले, तर ते पत्र नाकारणाऱ्या इतर सेवांवरील सदस्यांच्या नावे परतपत्रे जमा होत आणि काही दोष नसताना त्यांचीच वाटणी थांबे. यावर उपाय म्हणून बहुतेक प्रणाली आता लेखकाच्या जागी यादीचा पत्ता घालून लेखकाचे केवळ नाव दाखवतात. विषय आणि मजकूर यांना मुळीच हात न लावणे हा दुसरा उपाय अधिक स्वच्छ आहे. यादी ओळखण्यासाठी स्वतंत्र शीर्ष-ओळ २००१ पासून मानकात आहे, तेव्हा विषयात विभागाचे नाव जोडण्याची गरजही फारशी उरत नाही.

उत्तर आपोआप सर्वांना जावे की केवळ लेखकाला, हा जुना वाद आहे. सर्वांना गेल्याने चर्चा वाढते असे एका पक्षाचे म्हणणे. विभागात मात्र रजेचा अर्ज किंवा मार्गदर्शकाबद्दलचा खाजगी शेरा चुकून साठ जणांकडे जाण्याचा धोका अधिक जाणवतो, म्हणून शिक्षकांच्या यादीत उत्तर लेखकालाच जाईल अशी योजना सामान्यतः पत्करतात.

देवनागरी : पत्राच्या मजकुरात देवनागरी वापरण्यास आज अडचण नाही, विषयाच्या ओळीची गोष्ट निराळी आहे. ही ओळ मूळ रोमन संचातच पाठवण्याचा संकेत असल्याने देवनागरी मजकूर सांकेतिक तुकड्यांत बांधावा लागतो. प्रत्येक तुकड्याची मर्यादा ७५ चिन्हांची आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते आणि तीन बाइटांचे बांधणीत चार रोमन चिन्ह होतात; तुकड्याच्या दोन्ही टोकांची १२ चिन्हे वजा जाता एका तुकड्यात १५ चिन्हेच मावतात. मात्रा आणि अनुस्वार स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजले जातात, म्हणजे ‘मराठी विभाग’ एवढ्यानेच ११ चिन्हे खर्ची पडतात. तुकडा जोडाक्षराच्या मधोमध तुटला तर जुन्या प्रणालींत विषय विस्कटलेला दिसतो. पत्त्यातही देवनागरी वापरण्याचे मानक २०१२ मध्ये तयार झाले आणि देवनागरीतील ‘.भारत’ हा क्षेत्रनामाचा प्रकार २०१४ पासून मिळू लागला, परंतु सर्व सर्व्हर असे पत्ते स्वीकारत नाहीत. विभागाच्या यादीचा पत्ता अजून रोमन लिपीत ठेवणेच सुरक्षित आहे.

नोंद व गोपनीयता : कार्यालयात आवक-जावक नोंदवही जे काम करते, तेच यादीचा संग्रह करतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील ‘माहिती’च्या व्याख्येत ईमेलचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणून विभागाच्या यादीवरील पत्रव्यवहार मागितला जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवूनच लिहावे. प्रश्नपत्रिका, गुण आणि जात प्रमाणपत्रासारखी कागदपत्रे यादीवर घालू नयेत. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नंतर सदस्यांचे पत्ते बाहेरच्या संस्थेला परस्पर देणेही आक्षेपार्ह ठरते. व्हॉट्सअॅपच्या गटाने तातडीच्या सूचनांची जागा बऱ्याच प्रमाणात घेतली आहे; तेथे प्रत्येकाचा दूरध्वनी क्रमांक इतरांना दिसतो आणि संग्रह ज्याच्या त्याच्या फोनवर राहतो.

स्थलांतर : मेलमनची दुसरी पिढी पायथन या संगणकभाषेच्या ज्या आवृत्तीवर चालते तिची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. तिसरी पिढी २०१५ पासून उपलब्ध आहे आणि जुना संग्रह तिच्यात घालता येतो. युनिकोडपूर्व काळात मराठी पत्रे वेगवेगळ्या खाजगी फाँटांत टंकलेली असत आणि फाँटाचे नाव पत्रासोबत जात नसे. अशी पत्रे नव्या प्रणालीत रोमन अक्षरांच्या विसंगत ओळी म्हणून उमटतात. मूळ फाँट कोणता होता हे ठाऊक असेल तरच त्यांचे रूपांतर करता येते.